साजूक तुपातली गिटार

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी माझी बायको गेली. त्याच शनिवारी तिच्या बँडचा चंदीगडजवळच्या खरड गावी कार्यक्रम होता. तो त्यांनी तिच्याशिवाय केला.

त्यानंतर भेटायला जी माणसं आली ती दोन प्रकारची होती. सेक्टर एकोणचाळीसमधल्या संशोधन संस्थेतली, जिथे मेधा उपकरणांच्या वर्कशॉपमध्ये होती, आणि चंदीगडातली आमची मराठी मंडळी. दोन्ही प्रकारची माणसं आधी पाणी पीत, भिंतीकडे बघत, आणि मग कुणीतरी हळूच विचारी, "ती तुपाची गोष्ट खरी आहे का हो?" मी 'हो' म्हणालो की हसू फुटे, आणि मग सगळ्यांना एकदम आठवे की आपण कशासाठी आलो आहोत.

गोष्ट खरी आहे. पण ती माझे दत्तूमामा नगर जिल्हाभर सांगत फिरतात, आणि त्यांच्या आवृत्तीत पहिल्याच घासाला त्यांनी सगळं ओळखलं होतं. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. असे पाठभेद खपवून घेणं मला जमत नाही. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

मेधा गिटार वाजवायची, पैसे घेऊन. मराठी मंडळात हे वाक्य नेहमी दोनदा सांगावं लागे.

"म्हणजे छंद म्हणून?"

"नाही, लग्नांत."

"कुणाच्या?"

"जो बोलावेल त्याच्या."

सुट्टीच्या दिवशी ती हरप्रीतच्या बँडबरोबर असे. हरप्रीत दिवसा टाइल्स विकायचा आणि संध्याकाळी गायचा. दोन्ही कामं तो सारख्याच आवाजात करी. पण मेधाचा जीव वाजवण्याइतकाच वाजवायच्या वस्तू बनवण्यात होता. नव्या गिटारचं अंग तिने आमच्या मोडलेल्या कपाटाच्या सागवानी दारातून कापलं. (कपाट मोडलेलं नव्हतं, असं माझं मत. दार काढल्यावर ते मोडलं.) आवाज बदलण्यासाठी पायाने दाबायची बटणं तिने रेवाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, शाळेच्या जुन्या डब्यांत बसवली होती. आवाज खरखरीत करायचा असला की ती पोळीच्या डब्यावर पाय द्यायची आणि गोड करायचा असला की भाजीच्या. सोफ्यावर बसण्याआधी हात फिरवून स्क्रू शोधायचा, ही आमच्या घरातली साधी शिस्त होती.

काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात ही गिटार तयार झाली आणि किंचाळू लागली.

त्याचं कारण मला मेधाने इतक्या वेळा समजावलं की आता मी ते सांगू शकतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली दोन पट्ट्या असतात. त्यांना पिकअप म्हणतात. आत चुंबक, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. बाजारात पिकअप तयार मिळतात, त्यामुळे अर्थातच मेधाने ते घरी केले. माझ्या आईच्या हाताने फिरवायच्या शिलाई मशीनवर तिने तार गुंडाळली. वेढे जरा सैल राहिले. सैल वेढे मोठ्या आवाजात स्वतःच थरथरतात, आणि मग स्पीकरमधून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज निघतो. मोहालीच्या एका साखरपुड्यात ही शिट्टी नेमकी अंगठी घालताना झाली. नवरीच्या आत्याने सवयीने आचाऱ्याला सांगितलं, गॅस बंद कर.

"दीदी, आप बजाती कमाल हो," हरप्रीत दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाला. "पर ये गिटार घर पे रखो. कंपनीवाली ले लो."

"कंपनीवाली मैंने नहीं बनाई."

"यही तो उसकी अच्छी बात है."

बरीच वाटाघाट झाली. शेवटी ठरलं ते असं: मुल्लानपूरला लोहडीचा कार्यक्रम आहे. तिथे गिटारने नीट साथ दिली तर मेधा आणि गिटार दोघी बँडमध्ये राहतील. पुन्हा शिट्टी वाजली आणि कार्यक्रम बिघडला, तर पुढच्या वेळेपासून खरडचा एक मुलगा येईल, कंपनीच्या गिटारीसकट. पुढचे काही दिवस मेधाने घरातलं काहीही उघडून दुरुस्त केलं नाही, आणि आमच्या घरात याचा अर्थ काय होतो ते मला आणि रेवाला माहीत होतं.

उपाय तिला ठाऊक होता. पिकअप वितळलेल्या मेणात बुडवायचे. मेण वेढ्यांमध्ये मुरतं, गार झालं की घट्ट बसतं आणि थरथर थांबते. तिने साधं मेण आणि मधमाश्यांचं मेण एकत्र वितळवून स्टीलच्या डब्यात भरून ठेवलं. पिवळसर, गुळगुळीत, दिसायला सुरेख. आणि इथे माझा प्रवेश होतो.

आमच्या घरी स्वयंपाक बराचसा मी करायचो आणि लोणी तर मीच कढवायचो. माझ्या आत्याने लग्नात आम्हाला एकसारख्या डब्यांचा जोड दिला होता, दोन्हींवर तिचं नाव कोरलेलं. एका डब्यात माझं तूप, दुसऱ्यात मेधाचं मेण. चंदीगडच्या जानेवारीत तूप आणि मेण दोन्ही दगडासारखं थिजतं आणि बरंचसं सारखं दिसतं. इथे घोटाळा होऊ शकतो, हे घरात सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं. मी दोन चिठ्ठ्या केल्या, सुवाच्य अक्षरात 'तूप' आणि 'मेण' लिहिलं, वरून चिकटपट्टी लावली आणि त्या जागच्या जागी डकवल्या.

झाकणांवर.

लोहडीच्या आदल्या दिवशी झाकणं चिकट लागली म्हणून मी ती गरम पाण्याने घासली. एका हातात पुस्तक होतं. पुसून परत लावली. एवढं घासूनही चिठ्ठ्या सुटल्या नाहीत, याचा मला थोडा अभिमानच वाटला.

पंजाबची लोहडी आणि आपली भोगी एकाच दिवशी येतात. त्यामुळे आमच्याकडे त्या दिवशी दुपारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि संध्याकाळी शेंगदाणे-रेवड्या असा दुहेरी कारभार असे. त्या वर्षी सकाळीच दत्तूमामा आले होते. ते दिल्लीला कुणाकडे तरी आले होते, आणि 'आलोच आहे तर' हे त्यांच्या बहुतेक प्रवासांचं कारण असतं.

मी तीळ भाजत होतो. मेधा बाल्कनीतल्या तिच्या टेबलावर होती. तिचं नाक सर्दीने आठवडाभर बंद होतं.

"श्री, मेणाचा डबा गरम पाण्यात ठेव. वितळलं की आण. उकळू देऊ नकोस. आणि पुस्तक खाली ठेव."

मी 'मेण' लिहिलेला डबा गरम पाण्यात ठेवला. पुस्तकही खाली ठेवलं. मला तुपाचा वास आला होता, हे मी कबूल करतो. पण भोगीचा दिवस, स्वयंपाकघर, शेगडी तापलेली. तुपाचा वास येणारच. तो कुठून येतोय हे पाहण्याची मला गरज वाटली नाही.

मेधाने पिकअप त्यात बुडवले. बारीक बुडबुडे निघू लागले.

"बघ, हवा बाहेर येतेय," ती म्हणाली. "मुरतंय आत."

"छान मुरतंय," मी म्हणालो.

मग तिने ते बाल्कनीतल्या दोरीवर माझ्या मोज्यांच्या शेजारी चिमट्यांनी टांगले. बाहेर धुकं इतकं होतं की समोरची इमारत दिसत नव्हती. जरा वेळात सगळं टणक झालं. तिने ते गिटारमध्ये बसवले, स्पीकरचा आवाज वाढवला, आणखी वाढवला. मामांनी कानांवर हात ठेवले. गिटार वाजली, थांबली. मागे शिट्टी नाही, काही नाही.

"मम्मा, बिल्कुल चुप है," रेवा म्हणाली. "पक्का."

मेधा कितीतरी दिवसांनी हसली. मी ते हसू पाहिलं आणि मनात म्हटलं, आपलाही थोडा हात लागला.

दुपारी हरप्रीतची गाडी तिला न्यायला आली.

"सूनबाई, भोगीचं जेवून तरी जा," मामा म्हणाले.

"यांच्या हातची भाकरी मला उद्याही मिळेल, मामा. तुम्ही जेवा. तूप कालचंच आहे, ताजं."

दत्तूमामांचं तुपाविषयी काही म्हणणं आहे. नुसत्या वासावरून म्हैस ओळखतो, असा त्यांचा दावा आहे, आणि कुणी म्हैस आणून दाखवत नसल्यामुळे तो अजून टिकून आहे. मी 'तूप' लिहिलेला डबा गरम पाण्यात ठेवला, वितळल्यावर चमचा घेतला आणि तव्यावरून उतरलेल्या भाकरीवर धार धरली.

"धर, धर. हात आखडू नको."

"अजून, मामा?"

"तुझ्या आईच्या घरी मला कुणी असं विचारलं नाही. धर."

त्यांनी घास घेतला. डोळे मिटले.

"मधाचा वास येतोय रे."

"इकडच्या म्हशी मोहरीच्या शेतांत चरतात," मी म्हणालो. (हे मला कुठून सुचलं, माहीत नाही. कारण सापडलं नाही की तर्कशास्त्राचा माणूस अस्वस्थ होतो.)

"तरीच. आमच्या नगरला हे नाही. वाढ अजून एक."

दुसरी भाकरीही बरीचशी गेली. मग मामा तांब्याभर गार पाणी प्यायले.

दत्तूमामांना गप्प बसलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, पण एकमेकांना सोडत नव्हते. त्यांनी जीभ टाळ्याला लावली आणि ती तिथेच राहिली असावी, कारण त्यांचे डोळे मोठे झाले. ते ताटाकडे बोट दाखवू लागले. ताटात उरलेली चतकोर भाकरी आरशासारखी चकाकत होती. रेवाने ती नखाने वाजवली. टकटक आवाज आला.

"पापा, ये तो कैंडल है."

मी ओट्यापाशी गेलो आणि दोन्ही झाकणं हातांत धरून उभा राहिलो. डबे दोन आहेत, पदार्थ दोन आहेत. 'तूप' लिहिलेल्या डब्यात मेण निघालं, तर 'मेण' लिहिलेल्या डब्यात काय असेल? असे प्रश्न मी पहिल्या वर्षाच्या मुलांना घालतो. त्यांना माझ्यापेक्षा कमी वेळ लागतो.

"मम्मा की गिटार में घी है," रेवा म्हणाली.

मी मेधाला फोन लावला. कार्यक्रमाच्या दिवशी तिचा फोन पिशवीच्या तळाशी असतो आणि पिशवी हरप्रीतच्या ढोलाच्या खाली. मग वरच्या मजल्यावरच्या आमच्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"किती खाल्लं?"

"दीड-दोन भाकऱ्यांवरचं."

"काही होत नाही. जसं गेलं तसं बाहेर पडेल. गरम चहा द्या." मी जिना उतरू लागलो तेव्हा ते वरून म्हणाले, "आणि जाळापासून जरा लांब ठेवा त्यांना."

चहाचा गुण लगेच आला. पहिला घोट घेताच मामांचं तोंड सुटलं आणि त्यांनी मला, माझ्या पदवीला आणि पंजाबातल्या तमाम म्हशींना उद्देशून दोन वाक्यं म्हटली. तिसऱ्या वाक्याला तोंड पुन्हा गार झालं आणि मिटलं. मी थर्मास चहाने भरला, मामांच्या हातात दिला, आणि आम्ही तिघं गाडीत बसून मुल्लानपूरकडे निघालो. मामांना घरी ठेवणार होतो, पण त्यांनी गाडीच्या दाराची कडी सोडली नाही.

धुक्यातून गाडी हळू चालली होती. मागून रेवा म्हणाली, "पापा, टेंशन क्यों ले रहे हो? घी ठंड में जमा रहेगा ना. घर पे टेस्ट में तो चुप थी."

मी विचार केला. बरोबर होतं. थिजलेलं तूप मेणाचंच काम करणार. कार्यक्रम उघड्यावर, बाजूला शेतं, हवेत हाडं गोठवणारा गारठा. मी सुटकेचा श्वास सोडला आणि गाडी आणखी हळू केली.

मामांनी थर्मासचा घोट घेतला. "काय रे श्रीकांता, लोहडीला हे लोक ते मोठं काय पेटवतात म्हणालास?"

मी गाडीचा वेग वाढवला.

अर्धवट बांधलेल्या इमारती आणि मोहरीचं शेत यांच्यामध्ये एका मोकळ्या प्लॉटवर शामियाना होता. त्या घरात नातू झाला होता आणि त्याची ही पहिली लोहडी. कलाकारांना थंडी वाजू नये म्हणून लाकडांचा ढीग त्यांनी स्टेजला अगदी खेटून रचला होता. माणसं फार प्रेमळ होती. मेधा स्टेजवर तारा जुळवत होती. मी हात हलवला. तिने आनंदाने हात हलवला.

स्टेजवर मी पाऊल ठेवायचं नाही, असा तिचा नियम होता. (एकदा मी फुलं द्यायला गेलो होतो आणि येताना सगळ्या बँडची वीज घेऊन उतरलो होतो.) म्हणून मी रेवाला पाठवलं आणि स्वतः बाळाच्या आजोबांकडे गेलो. उंच, पांढऱ्या दाढीचे सरदारजी होते.

"जी, वो लकड़ी का ढेर थोड़ा उधर कर सकते हैं?"

"क्यों जी?"

"गिटार को गर्मी लगती है."

ते विचारात पडले. माझ्याकडे त्यांनी फार सहानुभूतीने पाहिलं. "तो जी, उसका कवर उतार दो."

मग मी ठरवलं की बोलण्यात अर्थ नाही. ढिगातलं एक लाकूड ओढलं आणि लांब नेऊन ठेवलं. दुसरं ओढलं. तेवढ्यात बाळाचे काका धावत आले. "ओ प्रोफेसर साहब, आप मेहमान होके काम कर रहे हो?" त्यांनी मी बाजूला ठेवलेली दोन्ही लाकडं उचलून परत ढिगावर ठेवली आणि माझा उत्साह मोडू नये म्हणून मागच्या ट्रॉलीतला एक मोठा ओंडका माझ्या हातात दिला. "चलो जी, साथ में लगाते हैं." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर आणखी चार जण ओंडके घेऊन माझ्या मागे उभे राहिले होते. थोड्याच वेळात माझ्या पुढाकाराने तो ढीग आधीच्या दुप्पट झाला.

मी वर पाहिलं. रेवा मेधाच्या कानात बोलत होती. मेधाचे डोळे माझ्यावर होते, आणि माझ्या हातात ओंडका होता.

रेवा परत आली.

"काय म्हणाली?"

"बोली, किसी को मत बताना. हरप्रीत अंकल सुनेंगे तो दूसरी गिटार पकड़ा देंगे. बजाऊँगी तो यही बजाऊँगी."

"अजून?"

"पूछा कि लेबल ढक्कन पे किसने लगाया. और बोली, पापा को आग से दूर रखो."

पण आजोबांना आता माझं कुटुंब फार आवडलं होतं. ते मामांपुढे काडेपेटी घेऊन उभे होते. "बुज़ुर्ग हैं, इतनी दूर से आए हैं. आग आप लगाओगे जी."

मामांनी थर्मास तोंडाला लावला. रिकामा होता. त्यांनी उलटा करून झटकला. मग माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं आणि ते बंद होतं. टाळ्या वाजू लागल्या. ज्या माणसाला डॉक्टरांनी जाळापासून लांब ठेवायला सांगितलं होतं, त्या माझ्या मामांनी मान डोलावली, काडी ओढली आणि हात होईल तितका लांब करून मुल्लानपूरची लोहडी पेटवली.

ज्वाळा शामियान्याच्या वर गेल्या. ढोल सुरू झाला. पहिलं गाणं छान गेलं. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर मेधाच्या गिटारच्या पोटाशी काहीतरी चमकलं, आणि एक पिवळी धार निघून तिच्या बुटावर उतरली. शामियानाभर वास पसरला. माझ्या शेजारी बाळाची पणजी खुर्चीत बसली होती. तिने शालीतून नाक बाहेर काढलं.

"देसी घी," ती समाधानाने म्हणाली. "इनका खाना चंगा होगा."

मग शिट्टी आली. आधी बारीक, मग थोडी जाड. हरप्रीतने गाता गाता मान वळवली. मेधाने गिटारच्या कडेवरून बोट फिरवलं, ते जिभेला लावलं आणि गर्दीत मला शोधलं. पंचवीस-तीस फुटांवरूनही मला कळलं की तूप चांगलं कढलं होतं, आणि तेवढ्याने काही भागणार नव्हतं.

ती वाजवत वाजवत स्टेजवरून खाली उतरली. तिच्या मागे तिने घरी केलेली काळी वायर सरपटत आली. गिटारपासून स्पीकरपर्यंत एवढी लांब वायर कशाला, असं सगळे तिला विचारायचे. तिला तोडायला जिवावर यायचं, हे खरं उत्तर होतं. ती जाळापासून लांब चालत गेली, खुर्च्यांच्या पलीकडे, जेवणाच्या टेबलांच्या पलीकडे, जिथे शामियाना संपून मोहरीचं शेत आणि धुकं सुरू होत होतं. तिथे ती अंधारात पाठमोरी उभी राहिली, गिटार शेताकडे करून, आणि वाजवत राहिली.

लोकांना वाटलं, हीच रीत असावी. आधी तरुण पोरं तिच्या मागे गेली, मग काका, मग बाळाला घेऊन त्याची आई. सगळी लोहडी उठून शेताच्या बांधावर नाचू लागली. जाळापाशी उरलो मी, मामा आणि पणजी. शिट्टी हळूहळू बारीक झाली. एका क्षणी ती थांबली. मागे फक्त गिटार उरली, गारठ्यात, स्वच्छ.

कार्यक्रम संपल्यावर हरप्रीत आला. त्याने गिटार हातात घेतली, उलटी केली, वास घेतला, बोट लावून चाटलं.

"दीदी, ये क्या है?"

मेधाने त्याला सगळं सांगितलं. डबे, झाकणं, मी, मामा. खरडच्या मुलाचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता आणि फोन त्याच्या हातात होता. मेधा त्या फोनकडे पाहत होती. मग हरप्रीतने फोन खिशात टाकला.

"गिटार ठीक है, दीदी," तो म्हणाला. "घरवाला बदल लो."

"उसकी भी रिपेयर मैं ही करती हूँ," मेधा म्हणाली.

परतताना गाडीत ती पुढे बसली होती. मग ती म्हणाली, "श्री, झाकण हा डब्याचा गुणधर्म नसतो."

"हो."

"हे तू शिकवतोस."

"हो."

मागे बसलेल्या मामांना तिथल्या लोकांनी गरम दूध पाजून बोलतं केलं होतं. त्यामुळे उरलेला प्रवास आम्हा कुणालाच बोलावं लागलं नाही.

तारेत मुरलेलं तूप निघत नाही. मेधाने पिकअप उघडले आणि सगळी तार काढून नवी गुंडाळली. या वेळी मशीनचं चाक मी फिरवलं. माझी गती बरोबर आहे, असं तिचं म्हणणं होतं. ("सावकाश, आणि लक्ष भलतीकडे. हेच पाहिजे.") ती समोर बसून तार बोटांतून सोडायची. बोलायचं नाही, कारण हसलं की हात हलतो आणि तार तुटते. मी चाक फिरवायचो आणि तिची बोटं बघत बसायचो. डाव्या हाताच्या बोटांची टोकं तारांनी इतकी टणक झाली होती की तापलेली कढई ती फडक्याशिवाय धरायची. इतक्या वर्षांच्या संसारात त्या बोटांकडे मी एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं. शेवटचा वेढा बसला तेव्हा मला वाईट वाटलं.

मग खरं मेण बसलं आणि गिटार पुन्हा कधी किंचाळली नाही. कपाटाच्या सागवानात मात्र तूप थोडं मुरलं होतं. उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांत, दिव्यांखाली ती तापली, की पहिल्या रांगेतल्या लोकांना भूक लागायची.

ती गिटार मेधाने शेवटपर्यंत वाजवली. ती गेल्यावर काही दिवसांनी हरप्रीत घरी आला. चहा झाला. बँडमध्ये आता विद्यापीठातली एक मुलगी वाजवते, असं त्याने सांगितलं, आणि मग गिटारपाशी जाऊन उभा राहिला.

"ले जाऊँ, भाईसाब?"

मी हो म्हणालो. पण ती एकटी जाणार नाही, असंही म्हणालो.

"आप क्या करोगे वहाँ?"

मी खुंटीवरची गाडीची किल्ली काढली.

आता सुट्टीच्या दिवशी मी गाडी काढतो, गिटार मागच्या सीटवर ठेवतो आणि पट्टा लावतो. परवा पंचकुल्याच्या एका लग्नात जेवणाच्या रांगेत एका गृहस्थांनी आपुलकीने विचारलं, "आप लड़केवालों की तरफ़ से हो या लड़कीवालों की?"

"गिटार की तरफ़ से," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक गुलाबजाम वाढायला सांगितला. गिटार चांगली चालू आहे. तिच्यातलं मला काही दुरुस्त करता येत नाही. पहिलं गाणं होईपर्यंत मी मागे उभा राहतो, आणि मग जेवून येतो.